'देशातून तडीपार' म्हणू नका

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: परदेशातून येऊन इथे खून-बलात्कारासारखा गुन्हा करणाऱ्याला देशातून तडीपार करावं का, आणि शब्द 'तडीपार' बरोबर की 'हद्दपार'?

'देशातून तडीपार' हे चूक आहे, आणि रोज कानावर आदळतं. तडीपारी ही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधली कारवाई. कलम ५५, ५६ किंवा ५७ खाली आधी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग आदेश. मुदत जास्तीत जास्त २ वर्षं, अपील ३० दिवसांत शासनाकडे. आदेश शहरात पोलीस आयुक्तालयातून निघतो, तालुक्यात प्रांताधिकाऱ्यांकडून किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांकडून. 'सोलापूर व धाराशिव जिल्ह्यांतून तडीपार' अशी बातमी वाचता, तो माणूस देशातच असतो. कलम ५६ खाली तर त्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला असावा लागतो असंही नाही. परक्या नागरिकाला देशाबाहेर काढतात ती हद्दपारी.

'हद्द' अरबी म्हणून ती टाकून 'निर्वासन' वापरा, असं सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांचं मला मुळीच पटत नाही. संस्कृतात निर्वासन म्हणजे हाकलणं हे खरं. पण मराठीत निर्वासित म्हणजे आसऱ्याला आलेला. 'निर्वासिताचं निर्वासन' लिहिलंत तर कोण आलं आणि कोण गेलं, याचा पत्ता लागेल का?

खरी गंमत 'तडी'त आहे. संस्कृत तट, प्राकृत तड, मराठी तड: काठ. काम तडीस नेतो ती हीच तड. एकाच काठाला पोचलं की यश, त्याच्या पार घातलं की शिक्षा! आता नदी 'दुथडी' भरून वाहते ती थडी घ्या, भीमथडीच्या तट्टांतली थडी घ्या. माझं ठाम मत असं की 'देशोधडी'तली धडीही तीच. त, थ, ध हे एकाच दंत्य वर्गातले, आणि अर्थ तिन्हीकडे काठाचाच. देशोधडीला लागला म्हणजे देशाच्या काठाला लागला. या धडीचा धडपडीशी संबंध जोडणाऱ्यांनी आधी 'दुथडी'चा उलगडा करून दाखवावा. सोलापूरकरांना हे सांगावं लागू नये: दक्षिण सोलापुरात भीमेच्या एका काठाला महाराष्ट्र, दुसऱ्याला कर्नाटक. तिथे तडीपार झालेला आपोआप हद्दपारही होतो, राज्यापुरता का होईना.

तिसरा घोळ 'प्रत्यार्पण'. प्रति + अर्पण = प्रत्यर्पण; तो काना उपरा. दुसऱ्या देशाने मागितलेला आरोपी किंवा गुन्हेगार त्याच्या हवाली करणं, हा त्याचा अर्थ. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये भारताच्या ताब्यात दिलं, ते प्रत्यर्पण; २५ वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नाही, ही हमी भारताकडून घेऊन. हद्दपारीत कुणी मागायला आलेलं नसतं. काढणारा देश स्वतः काढतो, आणि अडतं तेही तिथेच: माणूस आपला आहे हे त्याच्या देशाच्या वकिलातीने मान्य करून प्रवासाचे कागद द्यायला हवेत. ते येईनात, तर आदेश फायलीत आणि माणूस इथेच.

राहिला मूळ प्रश्न. काढावं, पण शिक्षा भोगून झाल्यावर. ब्रिटनच्या २००७ च्या कायद्याने १२ महिने किंवा जास्त कैद झालेल्या परदेशी गुन्हेगाराची हद्दपारी, काही अपवाद सोडून, बंधनकारक केली. तीही शिक्षा ठोठावल्यानंतरची. 'तडीपार करा' म्हणणारा नकळत शिक्षेआधीच सोडून द्या म्हणत असतो. बळी पडलेल्याच्या घरच्यांना ते कसं चालेल?

आणि अशा खुन्याला 'देशोधडीला लावलं' असंही कृपा करून लिहू नका. देशोधडीला लागतो तो दुष्काळात घराला कुलूप लावून निघालेला माणूस.