‘बाह्य आंतरपर्शुक’ या संज्ञेत विसंगती आहे का?

शरीरशास्त्राच्या मराठी टिपणांत ‘बाह्य आंतरपर्शुक स्नायू’ अशी संज्ञा येते. एकच स्नायू ‘बाह्य’ही आणि ‘आंतर’ही कसा, असे एका विद्यार्थिनीने विचारले आहे. शंका रास्त आहे, पण संज्ञेत विसंगती नाही. येथील ‘आंतर’ हा ‘आंतरिक’मधला नसून ‘आंतरशालेय’, ‘आंतरजातीय’ यांतला आहे. त्याचा अर्थ दोहोंच्या मधला. पर्शुका म्हणजे बरगडी किंवा फासळी, म्हणून आंतरपर्शुक म्हणजे लगतच्या दोन बरगड्यांमधला. (‘परशु’ म्हणजे कुऱ्हाड, तेव्हा ‘आंतरपरशुक’ असे लिहू नये.)

‘बाह्य’ हे विशेषण थर दाखवते. बरगड्यांच्या १२ जोड्या असल्याने प्रत्येक बाजूला ११ फटी राहतात आणि त्यांत स्नायूंचे तीन थर असतात. सर्वांत बाहेरच्या थराचे तंतू वरच्या बरगडीच्या खालच्या कडेपासून निघून खाली व पुढे तिरके उतरतात, तर त्याच्या आतल्या थराचे खाली व मागे. बाहेरचा थर आकुंचन पावला की बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, छातीचा पिंजरा रुंदावतो, आतला दाब घटतो आणि हवा फुप्फुसांत शिरते. मात्र शांत श्वसनात मुख्य काम श्वासपटलाचे (छाती व पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याचे) असते, आणि शांतपणे श्वास सोडताना तर स्नायूंना जोर लावावा लागतच नाही, कारण ताणलेली फुप्फुसे आपल्याच लवचिकतेने आक्रसतात. आतला थर प्रामुख्याने जोराने श्वास सोडताना कामी येतो. तरीही ‘बाहेरचा श्वासाचा, आतला उच्छ्वासाचा’ हे पाठांतर ढोबळच समजावे, कारण उरोस्थीजवळचा (छातीच्या मधल्या हाडाजवळचा) आतल्या थराचा भाग श्वास घेण्यासच मदत करतो.

श्वास घेताना फटी आत खेचल्या जाऊ नयेत म्हणून त्या ताठ राखणे, हेही या स्नायूंचे काम. न्यूमोनियात बाळाच्या मऊ पिंजऱ्याला ती ओढ पेलत नाही आणि छातीचा खालचा भाग श्वासागणिक आत जातो; घरातली माणसे तेव्हा ‘बाळाचं पोट उडतंय’ म्हणतात, आणि अशा वेळी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

आतल्या थरासाठी ‘आभ्यंतर आंतरपर्शुक’ ही संज्ञा मला योग्य वाटते. ‘अंतः-आंतरपर्शुक’ने गोंधळ वाढतो. सामान्य वाचकासाठी लिहिताना ‘बरगड्यांमधल्या स्नायूंचा बाहेरचा थर, आतला थर’ एवढे पुरे.