मणक्यात बसवलेली मऊ तार सरकते का?

प्रश्न करवीर तालुक्यातून आलाय: वडिलांच्या पायातल्या कळांसाठी मणक्यात इलेक्ट्रोड (मज्जारज्जूजवळ सौम्य करंट देऊन कळा दाबणारी तार) बसवायचाय, पण मऊ तार टिकेल का?

मऊपणा हवाच. तारेतल्या प्लॅटिनम धातूचा ताठपणा सुमारे १७० गिगापास्कल, मज्जारज्जूचा मात्र किलोपास्कलमध्ये, म्हणजे दहा लाख पटींनी लहान एककात, मोजतात. ताठ वस्तू हालचालीगणिक घासते, भोवती जाड पापुद्रा धरतो, मग करंट वाढवावा लागतो. म्हणून तारेवर धातूची फक्त छोटी कडी असतात, बाकी सगळं लवचीक प्लास्टिक. जाडी जेमतेम १.३ मिमी, त्यामुळे ती सुईतूनच आत जाते. आधी साधारण आठवडाभर बाहेरच्या बॅटरीवर चाचणी घ्या. वेदना निम्म्याने तरी कमी झाली तरच कायमची बसवा.

तार सरकते ती बहुतेक तिला जागेवर धरणारी बांधणी सैल पडल्यामुळे किंवा घाईमुळे. पहिले ६ ते ८ आठवडे म्हशीची धार काढायला वाकायचं नाही, वैरणीचा भारा डोक्यावर घ्यायचा नाही. धार दुसऱ्या कुणीतरी काढावी, यात अजिबात सूट नको.

करंटमुळे पायात येणाऱ्या मुंग्या अचानक पोटात किंवा बरगडीत जाणवू लागल्या, तर तार सरकली असं समजा. मुंग्या थांबल्या आणि अडथळ्याचा आकडा (तारेतून करंट जाताना होणारा विरोध, इम्पीडन्स) एकदम चढला, तर तार तुटली असण्याची शक्यता जास्त. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा, पुढची तुलना त्याच्याशीच होते.