अंतराळात ‘वातावरण’ कुठून आणायचं?

नाशिकच्याच एका इंजिनिअरिंगच्या मुलीने विचारलंय की प्रोजेक्टच्या मराठी पोस्टरवर ‘अंतराळाच्या वातावरणात महाधारित्राची तपासणी’ असं लिहिलं तर चालेल का.

आधी धारित्र, म्हणजे विजेचा भार साठवून ठेवणारा कपॅसिटर, ज्याला बोलताना कंडेन्सरही म्हणतात. शब्द छान आहे, खणायचं ते खनित्र, कापायचं ते लवित्र, तसं धरून ठेवायचं ते धारित्र. ‘संधारित्र’ हिंदीवाले म्हणतात, ते उचलू नकोस. अर्थात बोलताना धारित्र कोण म्हणतंय! मागे पंचवटीत वाइंडिंगवाल्याकडे पंखा नेला, बटण दाबलं तर नुसता घुंऽऽ करत उभा, त्याने पातं बोटाने ढकललं तसा लागला की फिरायला, म्हणाला “काका, कंडेन्सर गेलाय, अडीचचा टाकतो.” अडीच म्हणजे अडीच मायक्रोफॅरड; फॅरड हे धारित्राच्या क्षमतेचं माप, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. तुझं महाधारित्र म्हणजे सुपरकपॅसिटर, तो ३००० फॅरडचासुद्धा येतो, १२० कोटी पट, तेव्हा ‘महा’ लावायला माझी हरकत नाही. ‘अति’ नको, अतिशहाणा आठवतो.

खरी गोची ‘वातावरण’मध्ये आहे. वात म्हणजे हवा, तिचं आवरण. आपण लग्नाचं वातावरण, इलेक्शनचं वातावरण असं इतकं सैल वापरतो की त्यातली हवा विसरूनच गेलोय, आणि तुझ्या टेस्टचा मुद्दाच मुळी हवा नसण्याचा आहे ना! सुपरकपॅसिटरच्या डबीत, म्हणजे सेलच्या आत, द्रव इलेक्ट्रोलाइट (वीजभार वाहून नेणारं द्रावण), बाहेरचा दाब गेला की डबी फुगू शकते, सीलमधून वाफ निसटू शकते, म्हणून तर व्हॅक्यूम चेंबरमध्ये घालून तापवायचं, गारठवायचं, परत तापवायचं. खालच्या कक्षेतला उपग्रह साधारण ९० मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो, म्हणजे दिवसाला १५-१६ वेळा ऊन-सावली आणि तेवढ्याच वेळा चार्ज-डिस्चार्ज. ‘परिस्थिती’ म्हणशील तर चुकीचं नाही, पण आपल्याकडे परिस्थिती म्हटलं की ती घरची आणि बेताचीच असते.

राहिली ‘तपासणी’. ती डॉक्टर करतात, टीसी करतो, आहे ते बघायचं. मुद्दाम छळून टिकतंय का बघायचं असेल तर ‘चाचणी’.

मी असं लिहीन: ‘निर्वात पोकळीत, तापण्या-गारठण्याच्या फेऱ्यांत महाधारित्राची चाचणी’. आणि खाली बारीक अक्षरात सुपरकपॅसिटर लिहून टाक, नाहीतर परीक्षकच विचारतील महाधारित्र म्हणजे काय गं.