नव्या कॅमेऱ्यासोबत दोन हजारांचा ट्रायपॉड-फिल्टर-कार्ड कॉम्बो घ्यावा का?

कॅमेऱ्यातच बजेट संपलं, आता ट्रायपॉड, यूव्ही फिल्टर (लेन्सवर चढवायची काच), १२८ जीबीचं कार्ड आणि जादा बॅटरी असं सगळं ₹२,०००ला मिळतंय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. मी घेतला होता.

कार्डापासून सांगतो, कारण शिव्या त्यापायीच जास्त खाल्ल्या. इथे इंदूरला भाच्याची मुंज होती. सकाळपासून फोटो काढत होतो, कॅमेरा एकदाही कुरकुरला नाही. रात्री लॅपटॉपला लावलं तर मातृभोजनापर्यंतचे फोटो ठणठणीत आणि मंगलाष्टकांपासून पुढे गोंधळ. कुठे अर्धा फोटो राखाडी, कुठे फाइल उघडेचना. भिक्षावळीचा एकही फोटो वाचला नाही. ताई म्हणाली, "आता पुन्हा मुंज लावायची का त्याची?"

असल्या कार्डात चिप ८ किंवा १६ जीबीची असते, पण कॅमेऱ्याला १२८ सांगायचं असं तिच्या कंट्रोलरला (चिप चालवणाऱ्या सर्किटला) शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचं हवेत जातं, नाहीतर आधीच्या फोटोंवरच लिहिलं जातं. फाइलींची नावं मात्र सगळी दिसतात, म्हणून संशयही येत नाही. फॉरमॅट करूनही चोरी पकडली जात नाही. कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघावं लागतं. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ-थ्री (F3) हे फुकट प्रोग्राम तेवढंच काम करतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

फिल्टरची गंमत वेगळी. अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्याकडे कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ निघतात. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, झांक्या चालूच आहेत, नुसता दिव्यांचा लखलखाट! त्या वर्षीच्या माझ्या फोटोंत दर मोठ्या दिव्याचा एक हिरवट डाग आला. दिवा वर डावीकडे असला तर डाग खाली उजवीकडे, मध्यबिंदूच्या बरोबर समोर. मला वाटलं लेन्सच गेली. फिल्टर काढला आणि डाग गायब. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परततो. तो सेन्सर आणि फिल्टर यांच्यामध्ये आपटत राहतो. दिवसा कळत नाही, रात्री कळतं. लेन्स जपायला हूड (लेन्सच्या पुढे बसणारी कडा) लावा, तो स्वस्तातला असला तरी चालतो.

ट्रायपॉडचं थोडक्यात. राजवाड्याचे सातही मजले रात्री दिव्यांत टिपायचे म्हणून ८ सेकंदांचं एक्स्पोजर लावलं, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं. प्लास्टिकचं डोकं लेन्सच्या वजनाने तेवढ्यात केसभर खाली झुकलं. प्रत्येक खिडकीला जुळी खिडकी. शेवटी पोह्यांची पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा बसवला, २ सेकंदांचा टायमर लावला, आणि फोटो एकदम कडक आला. (पोहे घरी नेऊन खाल्ले, काही वाया गेलं नाही.) चांगला ट्रायपॉड घेईपर्यंत हेच करा.

बॅटरी माझी सहा महिन्यांत फुगली. खोबणीतून निघता निघेना, तेव्हा जरा घामच फुटला.

बॅग, पुसायचं कापड, हवा मारायचा रबरी फुगा स्वस्तातले घ्या, त्यांनी फोटोचं काही बिघडत नाही. रिफ्लेक्टर तर विकतही घेऊ नका, थर्माकोलची पांढरी शीट पुरते. आणि घरात कुणाचा रीळवाल्या कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश पडला असेल तर फुकटचा म्हणून चढवू नका. त्यातल्या काहींच्या कॅमेऱ्याला टेकणाऱ्या पिनेवर २०० व्होल्टांहून जास्त दाब असतो, तो नव्या कॅमेऱ्याचं सर्किट उडवू शकतो. आधी मल्टिमीटर लावून बघा.

माझं ऐकाल तर त्या दोन हजारांत सध्या फक्त एक अस्सल ६४ जीबीचं कार्ड घ्या, पक्क्या बिलाच्या दुकानातून. आणि परतीची मुदत संपायच्या आत ती रात्रभराची चाचणी त्याच्यावरही लावाच.