वादक बदलला, मग रचनाही का बदलली?

प्रश्न : मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या मैफलीचं तिकीट मोठ्या हौसेनं काढलं. ऐनवेळी पियानोवादक आजारी पडले. बदली वादक आले, पण ठरलेला कॉन्चेर्तोही (एकलवादक आणि वाद्यवृंदानं मिळून वाजवायची रचना) बदलला. रचना तीच का ठेवली नाही? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा हिरमोड मी समजू शकते. पण कॉन्चेर्तो म्हणजे अर्ध्या तासाचं, बहुधा तोंडपाठ वाजवायचं काम. दोन दिवसांत तो नव्यानं बसत नाही. म्हणून बदली वादकाला आधी हेच विचारतात, ‘सध्या हातात काय तयार आहे?’ वाद्यवृंदालाही ती रचना ठाऊक असलेली बरी, कारण तालमीला वेळच नसतो.

जानेवारी १९६३मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर वाजवणार असलेले पियानोवादक ग्लेन गूल्ड आजारी पडले. त्यांच्या जागी सोळा वर्षांचा आंद्रे वॉट्स बसला आणि त्यानं संगीतकार लिस्टचा पहिला कॉन्चेर्तो वाजवला. का तोच? त्याच महिन्यात वाद्यवृंद-संचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी लहान मुलांसाठी भरवलेल्या मैफलीत त्यानं याच वाद्यवृंदाबरोबर तो वाजवला होता! त्या संध्याकाळनं त्याचं नाव झालं. पुढे १९९९मध्ये शिकागोजवळच्या रॅव्हिनिया संगीत महोत्सवात वॉट्स आजारी पडले, तेव्हा सतरा वर्षांचा लांग लांग चायकोव्हस्कीचा पहिला कॉन्चेर्तो वाजवून गाजला.

तेव्हा पुढच्या वेळी तिकीट परत करू नका, बदली वादकाला जरूर ऐका. मध्यंतरानंतरची सिम्फनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदाची मोठी रचना, तर बहुधा तीच राहते. तिला एकलवादक लागत नाही.