सायकल ‘ड्राइव्ह’ का करत नाहीत?

प्रश्न असा आलाय की दोघी मैत्रिणी रोज थोडा वेळ इंग्रजी बोलायचा सराव करतात, एक जण विचारते आणि दुसरी उत्तर देते, आणि परवा सायकलचा विषय निघाला तेव्हा एकीचं उत्तर होतं, ‘आय ड्राइव्ह सायकल डेली’. दुसरी म्हणाली ड्राइव्ह नाही, राइड. पण का, ते तिलाही सांगता येईना. शिवाय ‘सायकल’ हा शब्द इंग्रजीत चालतो की ‘बाइक’च म्हणायचं, ही दुसरी शंका.

आपला घोटाळा होतो तो ‘चालवणे’मुळे. मराठीत सायकल चालवतात, गाडी चालवतात, विमान चालवतात, दुकान चालवतात आणि घरही चालवतात, एकाच क्रियापदात सगळा संसार. इंग्रजीत त्याची राइड, ड्राइव्ह, फ्लाय, रन अशी वाटणी झालीय. त्यातल्या ड्राइव्हचा जुना अर्थ म्हणजे आपलं ‘हाकणे’. गुरं हाकायची, गाडीला जुंपलेले घोडे मागे बसून हाकायचे, ते ड्राइव्ह. घोडागाडीची जागा मोटारीने घेतली तेव्हा क्रियापद तेच राहिलं. राइड म्हणजे मात्र पाठीवर मांड टाकून स्वार होणे. आता ‘मी रोज सायकल हाकते’ असं म्हणून बघा, कानाला कसं लागतं? इंग्रजी माणसाला ‘ड्राइव्ह सायकल’ साधारण तसंच लागतं.

म्हणजे इंग्रजीत सायकल हा घोडा आहे, हे मी गमतीने म्हणत नाहीये. 1817 साली कार्ल फॉन ड्राइस या जर्मन गृहस्थाने दोन चाकांचं लाकडी यंत्र काढलं, त्याला पायडलच नव्हतं, वर बसून पायांनी जमीन मागे रेटत जायचं, आणि ते इंग्लंडात पोचलं तेव्हा लोकांनी त्याला ‘हॉबी हॉर्स’, ‘डँडी हॉर्स’ अशी नावं ठेवली. पायडलं 1860च्या दशकात फ्रान्समध्ये आली, मागचं चाक चेनने फिरवणारी आजच्यासारखी रोव्हर सायकल 1885ची. घोडा कधीच गेला पण खोगीर राहिलं, आपण जिला सीट म्हणतो तिला ते अजून सॅडल म्हणतात.

एकदा घोडा डोळ्यासमोर आला की बाकीचं आपोआप जुळतं. घोड्यावर बसतो म्हणून गेट ऑन, उतरतो म्हणून गेट ऑफ, पडलो तर फेल ऑफ. मोटारीत मात्र गेट इन आणि गेट आउट. मोटरसायकल आणि स्कूटरही याच न्यायाने राइडच. ट्रॅक्टरवर आपण वर उघड्यावर बसतो खरे पण तो ड्राइव्हच करायचा, कारण तिथे खुर्चीवर बसून मोटारीसारखं स्टिअरिंग फिरवायचं असतं, मांड टाकायची नसते. बसमध्ये बसलेला प्रवासीही ‘राइड’ करतो आणि बसला ‘ऑन’ लावतात, तिथे माझा घोडा अडतो हे कबूल.

गंमत म्हणजे मराठीतही हा घोडा आहेच की! आपण सायकलवर टांग मारतो, उशीर झाला की सायकल दामटतो, आणि दामटायचं ते मुळात घोड्याला. फक्त इंग्रजी बोलताना हे आठवत नाही आणि तोंडात पहिलं ‘चालवणे’ येतं, माझ्याही कित्येक वर्षं यायचं.

आता ‘सायकल’. चूक नाही. ब्रिटिश इंग्रजीत सायकल लेन वगैरे सर्रास म्हणतात, आणि क्रियापद म्हणून तर ‘आय सायकल टू वर्क’ हे अगदी सुरेख वाक्य आहे, राइड-ड्राइव्हची भानगडच मिटली. पण वस्तूचं नाव म्हणून रोजच्या बोलण्यात ते बाइकच म्हणतात. आपल्याकडे बाइक म्हणजे मोटरसायकल, तिकडेही तो अर्थ होतो, म्हणून पहिल्या वाक्यात बायसिकल म्हणा आणि पुढे खुशाल बाइक. (बायसिकलमधला ‘सायकल’ ग्रीक कुक्लोसवरून आलाय आणि तो आपल्या चक्राचा सख्खा चुलत भाऊ, इंग्रजी व्हीलही त्याच घरातला. म्हणजे तसा शब्द घरचाच.)

‘सायकलने’ म्हणजे बाय बाइक, मध्ये अ किंवा माय काही नको, आणि ‘सायकलवरून’ म्हणजे ऑन माय बाइक. इथे मराठी बरोबर वाट दाखवते. जिथे ती खड्ड्यात घालते ती ठिकाणं वेगळी. ‘सायकल शिकले’चं ‘आय लर्न्ड सायकल’ होत नाही, लर्न्ड टू राइड अ बाइक. चेन पडली म्हणजे ‘फेल’ नाही, द चेन केम ऑफ. ‘हवा भरणे’चं ‘फिल एअर’ नाही, पंप अप द टायर्स. ‘माय सायकल इज पंक्चर’ हे तर आपलं राष्ट्रीय वाक्य, त्याऐवजी आय गॉट अ पंक्चर, अमेरिकन ऐकणारा असेल तर फ्लॅट टायर. आणि पंक्चर ‘काढणे’साठी रिमूव्ह म्हणू नका, तिथे फिक्स किंवा मेंड, कारण आपण पंक्चर काढतो आणि ते भोक बुजवतात, काम एकच. डबलसीटला तर इंग्रजीत सगळीकडे चालेल असा एक सुटसुटीत शब्द नाही, आय गेव्ह हर अ राइड ऑन द बॅक असं सांगावं लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी मैत्रिणीने विचारलं की साधं असं सांगा: ‘येस, आय राइड माय बायसिकल टू कॉलेज. आय लर्न्ड व्हेन आय वॉज टेन, अँड आय फेल ऑफ अ लॉट.’ त्यावर ती ‘हू टॉट यू?’ विचारणारच, त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.