घरात एसी नाही, तरी लाईट बिल अडीच हजारांच्या खाली येत नाही. कसं कमी करावं?

तुम्ही लिहिलंय की घरात चौघं आहात, एसी नाही, सगळे दिवे एलईडी, तरीही महिन्याला २४० च्या आसपास युनिटं पडतात आणि मीटरच फास्ट असावा असा संशय आहे. मीटर बदलायचा अर्ज करण्याआधी एक रात्र त्याच्यापाशी घालवा. मी घालवली आहे.

दोन वर्षांपूर्वी आमचंही असंच चाललं होतं. रोज घरात वाद, सासरे येता-जाता मोबाईलचे चार्जर उपसून ठेवायचे. (रिकामा चार्जर महिन्याला पाव-अर्ध युनिटही खात नाही, पण हे त्यांना सांगणार कोण?) शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर घरातले दिवे, पंखे, टीव्ही सगळं बंद केलं, फ्रीजचा प्लग काढला आणि टॉर्च घेऊन खाली जिन्याखालच्या मीटरपाशी गेलो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या जवळच ‘इम्प’ या अक्षरांआधी एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्याकडे १६०० किंवा ६४०० सुद्धा असेल.

सगळं बंद, तरी आमचा दिवा दर १४ सेकंदांनी लुकलुकत होता. हिशोब सोपा आहे: ३६ लाखांना मीटरवरच्या आकड्याने भागायचं, मग सेकंदांनी भागायचं, उत्तर वॅटमध्ये. आमचं आलं ८०. ८० वॅट चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे जवळजवळ ५८ युनिटं, आणि घरात म्हणे सगळं बंद!

मी खाली, बायको वर, फोन चालू. ती एकेक प्लग काढायची आणि मी सेकंद मोजायचो. इन्व्हर्टरचा प्लग काढला आणि १४ चे एकदम ५० सेकंद झाले. पाच वर्षांची बॅटरी, पाणी भरायचं कधीच विसरलेलं. ती पूर्ण चार्ज होतच नव्हती, त्यामुळे इन्व्हर्टर रात्रंदिवस तिला पाजत बसला होता. उरलेले २२ वॅट सेट-टॉप बॉक्स आणि वायफायचे निघाले. रिमोटने टीव्ही बंद केला तरी बॉक्स जागाच असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. बॅटरी बदलली, टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करायची सवय लावली, आणि पुढच्या दोन्ही बिलांत महिन्याला चाळीसेक युनिटं कमी झाली.

सगळे प्लग काढूनही दिवा लुकलुकत राहिला तर मात्र वायरिंगमध्ये कुठेतरी गळती आहे किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्याच कुणाची तरी लाईन आहे. मेन स्विच पाडून पाहा. तरीही थांबला नाही तर वायरमनला बोलवा, स्वतः काही उघडू नका.

आता उरलेली युनिटं. एसी नसलेल्या घरात पंखे आणि गीझर हेच खरे खाणारे. जुना छताचा पंखा फुल स्पीडला साधारण ७५ वॅट घेतो. तीन पंखे चौदा-चौदा तास चालले तर महिन्याला ९४ युनिटं. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तेवढ्याच वाऱ्याला तीसेक वॅट घेतो, म्हणजे ३८ युनिटं. पण तिन्ही एकदम बदलू नका. जो रात्रभर चालतो तो आधी. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून पैसे फिटायला जन्म जाईल.

गीझरचं गणित वेगळं. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध युनिट लागतंच, त्यात फारशी काटकसर होत नाही. पैसा जातो तो पहाटे साडेपाचला बटण दाबून नऊपर्यंत विसरण्यात. सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरका आणि थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा. उकळतं पाणी काढून त्यात निम्मं गार मिसळायचं, हे कशाला?

फ्रीजबद्दल एवढंच: दारात दहाची नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय.

एक गैरसमज तुमच्या प्रश्नातही दिसला. १०० युनिटांच्या वर गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असं नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० स्वस्त दरानेच धरतात, १०१ ते ३०० ना पुढचा दर, मग ३०१ ते ५००, आणि त्यावर आणखी. म्हणून तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं. वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचे पैसे) आणि वीज शुल्क (सरकारी कर) धरून ते आमच्याकडे दहा रुपयांच्या वर पडतं. स्थिर आकार मात्र महिनाभर कुलूप लावून गावाला गेलात तरी भरावाच लागतो.

आणि ते प्लगमध्ये खोचायचं ‘पॉवर सेव्हर’ यंत्र घेऊ नका. आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. घरगुती मीटर ज्या युनिटांचे पैसे लावतो ती त्याने कमी होत नाहीत. माझ्या शेजाऱ्यांनी दोन लावलीत आणि त्या दोन्ही दिव्यांचं बिल भरतायत.

आज रात्री मोजा. मीटरवरचा आकडा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद इथे लिहा, पुढचं बघू.